चौदा म्हणजे चौदा

गावात सांगतात ते असं की वेल्डिंगवाल्या आत्यानं एकदा रानडुकराला नुसत्या नजरेनं माघारी धाडलं. डुक्कर म्हणजे साधंसुधं नव्हे, दारात मावणार नाही एवढं. अर्ध्या उघड्या शटरखालून ते वर्कशॉपात घुसलं, त्यानं आत्याकडे बघितलं, आत्यानं त्याच्याकडे बघितलं, आणि डुक्कर निमूट निघून गेलं. बेकरीवाला हे सांगताना आत्यासारखे डोळे बारीक करून दाखवतो. पोस्टमन सांगतो तेव्हा डुक्कर जाताना वळून मानही लववतं.

खरं सांगायचं तर आत्यानं डुकराकडे बघितलंच नव्हतं. तिच्या तोंडावर वेल्डिंगचा मुखवटा होता आणि त्या काळ्या काचेतून ठिणगी सोडून जगातलं काही म्हणजे काही दिसत नाही. ती कुणाच्या तरी बाल्कनीचा कठडा जोडत बसली होती. मागं घोरल्यासारखा आवाज आला. तिला वाटलं, भाऊ आला; भावाला सर्दी बारमाही. मान न वळवता ती म्हणाली, "बस जरा. एवढा सांधा झाला की चहा टाकते." डुकरानं थोडी वाट पाहिली असावी. मग ठिणग्या अंगावर उडाल्या तसं ते गेलं, जाताना आत्याचा जेवणाचा डबा उलथा करून, चाटूनपुसून. हे सगळं समोरच्या शिंपीणबाईंनी येऊन सांगितलं, तेही तासाभरानं, कारण त्याही तेवढा वेळ टेबलाखाली होत्या. आणि तेव्हा कुठं आत्यानं धावत जाऊन शटर खाली ओढलं.

"तासभर उशिरा घाबरले," आत्या म्हणते, "म्हणून धीराची दिसले."

ही दुरुस्ती करायचा अधिकार टेपला आहे, कारण ती आत्याची सख्खी भाची, त्या सर्दीवाल्या भावाची मुलगी. वय सोळा. टेप हे नाव आत्यानंच ठेवलेलं, कारण पोरगी जे ऐकेल ते जसंच्या तसं वाजवते. शाळेतल्या बाई, बसचा कंडक्टर, बिघडलेला फ्रिज, कुणाचाही आवाज मागा. (हे लिहिणारीही तीच आहे. पण आपली फजिती "मी, मी" करत सांगण्यापेक्षा "ती" म्हणून सांगितली की जरा शेजारच्या घरातली वाटते.)

आत्या पन्नाशीची. उंचीनं बेताची, रुंदीनं नाही. "आत्याबाईला मिशा असत्या तर" ही म्हण तिच्यासमोर कुणी काढली, की ती वरच्या ओठावरून काजळीचं बोट फिरवते आणि म्हणते, "घे, काका म्हण." वर्कशॉप तिच्या वडिलांचं. आत भिंतीला लागून पाइपांचे गठ्ठे, मधे तीन पायांचं आणि एक विटेचं टेबल, खिडकीत खिळ्यांचे डबे. बोलणं मोजकं. वाक्याचं शेपूट तोडून टाकायची सवय. "दार झालं. रंग उद्या. बघू." तिची नक्कल करणं टेपला सगळ्यात सोपं जातं असं टेपला वाटायचं. एक खोल हुंकार द्यायचा आणि उरलेलं वाक्य गिळून टाकायचं.

आता ही बाई डुकरांच्या भानगडीत पडली कशी, ते सांगायला हवं.

डुकरं इथली नव्हेत. चाळीस वर्षांपूर्वी नदीपलीकडच्या इस्टेटीच्या मालकानं शिकारीच्या हौसेपायी ती कुठून तरी आणून सोडली. मालक म्हातारा होऊन गेला, इस्टेटीचं कुंपण गंजलं, आणि डुकरांना नदी पोहून यायला कुणी शिकवावं लागलं नाही. गंजलेलं कुंपण आत्याच्या वडिलांनी घातलेलं. "सांधे पक्के होते," आत्या अजून सांगते. "मालकानं रंग दिला नाही." कुणी विचारलेलं नसतानाही सांगते. बटाट्याच्या शेतात डुकरांनी नांगरट केली की गावातलं कुणी तरी हटकून म्हणायचं, "तुमच्या वडिलांचं कुंपण हो," आणि आत्या त्या माणसाचं गेट दोन दिवस उशिरा द्यायची.

पाच वर्षांपूर्वी पालिकेनं ठराव केला की नदीकाठच्या झाडीत शिकार खुली. दोन महिने बंदुका वाजल्या. अकरा डुकरं पडली. उरलेली पांगली, ज्या भागात डुक्कर कुणी पाहिलं नव्हतं तिथंही पोचली, दिवसा दिसायची बंद झाली आणि दोन वर्षांत पहिल्यापेक्षा जास्त झाली. ह्या वर्षी मात्र बंदुका पुन्हा बाहेर काढायच्या गोष्टी सुरू झाल्या, कारण शाळेच्या वाटेवर एक डुकरीण स्वतःसकट चौदा जणांचा कळप घेऊन ऐन सकाळी आडवी उभी राहिली होती.

त्या विषयावर वाचनालयाच्या हॉलमध्ये सभा भरली. टेप तिथं गेली ती गावाच्या काळजीनं नाही. इतके आवाज एका खोलीत फुकट मिळतात म्हणून गेली.

सुरुवात कर्नलनी केली. कर्नल कधी सैन्यात नव्हते. त्यांचं बुटांचं दुकान आहे. पण मिशी अशी की दुसरं काही म्हणताच येत नाही. गावातला शिकारी क्लब त्यांचा.

"साधा हिशेब आहे, बरं का," कर्नल म्हणाले. "एक गोळी, एक डुक्कर कमी. आम्ही बारा जण आहोत. पहाटे उठतो, आमच्या पायांनी जातो. कुणाकडे काही मागत नाही. ह्यात चुकीचं काय ते सांगा, बरं का."

दातांच्या डॉक्टरीणबाई उठल्या. त्या प्राणिमित्र संघाच्या, आणि समोरच्याला भूल दिल्यासारख्या हळू बोलतात. "आपण ना, थोडं त्यांच्या बाजूनं पाहूया. ती काही स्वतःहून आलेली नाहीत. आपण त्यांना दुसरीकडे नेऊन सोडू शकतो ना?"

"दुसरीकडे म्हणजे कुणाच्या बटाट्यात?" मागून बटाटेवाले म्हणाले. त्यांचं शेत नदीला लागून. "पत्ता द्या. मी कळवतो त्यांना, पाहुणे येतायत म्हणून."

"मुद्द्यावर या," पालिकेचे अध्यक्ष म्हणाले. ते दर दोन मिनिटांनी हेच म्हणतात, अगदी कुणी मुद्द्यावर असलं तरी.

"माझा मुद्दा एकच," बटाटेवाले म्हणाले. "मला पद्धत नको, बटाटे हवेत. गोळी घाला, गाणं म्हणा, पण घालवा."

मग आत्या उभी राहिली. हात कामाचे, तसेच काळे. टेपनं खुर्चीत अंग चोरलं, कारण आत्याला चारचौघांत बोलता येत नाही हे तिला ठाऊक होतं.

"गेल्या वेळी," आत्या म्हणाली आणि थांबली. "त्या ठरावाला पहिला हात माझा होता. हातमोजा होता हातात, म्हणून सगळ्यांना लांबून दिसला. गोळी घातली की एक मरतं. बाकीची शिकतात. आपण अकरा मारली आणि बाकीच्यांची शाळा घेतली." परत थांबली. "सगळा कळप एका वेळी धरायचा. एकही बाहेर नको. गोल पिंजरा करते, एक दार. मका टाकायचा. रोज. त्यांना वाटलं पाहिजे घर आहे. मग दार पाडायचं. सहा आठवडे द्या."

"आणि धरल्यावर?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

आत्यानं त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "जनावरांचे डॉक्टर येतील. दहा मिनिटांत संपेल. मी गोड करून सांगणार नाही."

डॉक्टरीणबाई खाली बसल्या. कर्नल मिशीतल्या मिशीत म्हणाले, "म्हणजे मारायचं तुम्हालाही आहे. आम्ही मारलं की शिकार, तुम्ही मारलं की पद्धत, बरं का."

"हो," आत्या म्हणाली. "तुम्हाला मजा येते. मला नाही. पण फरक तो नाही. फरक तेरा आणि चौदाचा आहे."

अध्यक्षांनी सहा आठवडे दिले. सहाव्या शनिवारी सभा. तोवर कळप धरला नाही, तर शिकार खुली, ह्या वेळी वर्षभर. बाहेर पडताना बेकरीवाला, शिंपीणबाई, सगळे आत्याकडे असं बघत होते जसं काही कुंपण तिनंच गंजवलं होतं. आत्यानं हे बघितलं आणि घरची वाट धरली. टेपनं मात्र घरी जेवायच्या टेबलावर पूर्ण सभा परत भरवली. कर्नल, डॉक्टरीणबाई, अध्यक्ष, आणि शेवटी आत्या. आत्याचा भाऊ हसून हसून शिंकला. आत्या जेवत होती. तिनं भाकर मोडली, टेपकडे पाहिलं आणि म्हणाली, "उद्यापासून बादली तू उचलायची."

पिंजरा नदीच्या वळणावर, जुन्या पंपघराशेजारी उभा राहिला. जाड जाळीचे आठ तुकडे, आत्यानं जोडलेले. वरून पडणारं एक दार, फोनवरचं बटण दाबलं की खाली येणारं. झाडाला एक कॅमेरा. तो हालचाल दिसली की दहा सेकंदांची चित्रफीत काढून फोनवर पाठवायचा. फोन वर्कशॉपात खिळ्यांच्या डब्याला टेकवून ठेवलेला असायचा.

आणि आत्याची पद्धत. शिकारी लपून जातात, वाऱ्याची दिशा बघून, पाय न वाजवता. आत्या उलट. रोज दुपारी चार वाजता, तोच धुराचा वास मारणारा ॲप्रन, तीच पत्र्याची बादली, आणि वाटेनं बादलीवर किल्ली बडवत जायचं, ढण ढण ढण. मका ओतायचा आणि लगेच परत फिरायचं, थांबायचं नाही, बघायचं नाही.

"चोरासारखं गेलं की चोर समजतात," आत्या म्हणाली. "दूधवाला कुणाला घाबरवतो का? वेळेवर येतो, आवाज करतो, जातो."

"म्हणजे आपण डुकरांचे दूधवाले."

"हं."

पहिला आठवडा मका पिंजऱ्याबाहेर. दुसरा दारात. तिसरा आत. टेप रोज आंबूस मक्याची बादली उचलून नेई आणि शाळेत सांगे की ती "वन्यजीव प्रकल्पावर" आहे. चौथ्या आठवड्यात तेरा डुकरं रोज संध्याकाळी उजेड असतानाच आत जाऊन जेवू लागली. चौदावी, ती मोठी डुकरीण, जिचा एक कान फाटका होता, बाहेर दहा पावलांवर उभी राही. रोज. एक पाऊल पुढे नाही.

"आता पाड ना दार," टेप म्हणाली. "तेरा आलीत. चौदामधली तेरा म्हणजे पहिल्या वर्गात पास."

"ती बाहेर राहिली तर काय करेल?"

"एकटी काय करणार?"

"एकटी राहणार नाही. वर्षभरात कळप करेल. आणि त्या कळपातलं एकही पिल्लू परत पिंजऱ्यात पाय ठेवणार नाही. तिनं सगळं बघितलेलं असणार." आत्यानं फोन डब्याला नीट टेकवला. "चौदा म्हणजे चौदा."

इथं टेपनं डोकं चालवलं. तिचं डोकं नेहमी तोंडाच्या वाटेनं चालतं.

तिच्याकडे एक चित्रफीत होती. डुकरीण पिंजऱ्याकडे बघते, मान वर करते आणि छातीतून एक तुटक आवाज काढते, "हुफ्." आतली सगळी डुकरं खाणं थांबवून तिच्याकडे बघतात. दहा सेकंद संपतात. टेपनं ती शंभरदा ऐकली. अंघोळ करताना हुफ्, गणिताच्या तासाला हुफ्. आठवड्याभरात हुफ् असं हुबेहूब बसलं की शेजारचा कुत्रा तिला बघून रस्ता बदलू लागला. तिचा निष्कर्ष: हा हाक मारायचा आवाज. सगळे कसे लगेच बघतात, बघा. म्हणजे पिंजऱ्याजवळून कुणी हुफ् केलं, की डुकरीणही आत येईल. गाव वाचलं, आत्या वाचली, आणि अध्यक्ष हार घेऊन उभे.

त्या दिवशी मका ओतून आत्या परत निघाली. टेप म्हणाली, "बुटाची नाडी बांधून आलेच," आणि पंपघराच्या मागं लपली. तेरा आली. जेवू लागली. फाटक्या कानाची येऊन दहा पावलांवर उभी राहिली. टेपनं श्वास भरला आणि आयुष्यातली सर्वोत्तम नक्कल केली.

"हुफ्."

तेरा डुकरं बाटलीचं बूच उडावं तशी पिंजऱ्याबाहेर आली. दार एक, डुकरं तेरा, आणि दाराच्या बरोब्बर समोर पंपघर. टेप पंपघराच्या लोखंडी शिडीवर कशी चढली ते तिला आजही सांगता येत नाही. एवढंच आठवतं की मधल्या दोन पायऱ्या तिनं वापरल्याच नाहीत. खालून सगळा कळप गेला. शेवटी ती मोठी, न पळता, चालत. शिडीखाली क्षणभर थांबून वर पाहिलं आणि गेली.

नंतर जनावरांच्या डॉक्टरांनी समजावलं की हुफ् म्हणजे हाक नव्हे. हुफ् म्हणजे "पळा." कॅमेरा दहा सेकंदांनी बंद पडायचा, म्हणून पुढची पळापळ टेपनं कधी बघितलीच नव्हती. तेही डुकरिणीनं हळू आवाजात म्हटलं होतं, जरा लांब व्हा एवढ्यापुरतं. टेपनं ते पूर्ण छातीनं म्हटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात; इथं तोंड दाखवून झालं.

आत्या बादली घेऊन परत आली तेव्हा टेप अजून शिडीवर होती.

"कुणाचा आवाज काढलास?"

"तिचा."

"हुबेहूब आला?"

"हो."

"मग झालं तर," आत्या म्हणाली. "उतर."

एवढंच. ओरडली नाही, हेच वाईट. टेपकडे ओरडणाऱ्या माणसांच्या बत्तीस नकला तयार होत्या. न ओरडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते तिला येत नव्हतं.

पुढचे नऊ दिवस कॅमेऱ्यात एक घूस आणि वाऱ्यानं हलणारी फांदी, एवढंच आलं. गावात बातमी पसरली. बेकरीवाल्यानं पाव देताना टेपला विचारलं, "काय गं, आमच्या मांजरीशी बोलतेस का जरा, दूध पिते सारखी." कर्नल वर्कशॉपात स्वतः आले, पण टोमणा मारायला नाही, खुर्ची ओढून बसले. तेच जास्त झोंबलं.

"शनिवारी ठराव होईल, बरं का," ते हळू म्हणाले. "मला आनंद नाही होणार. म्हणजे होईल थोडा. पण तुमच्यावर बोट दाखवतील लोक, ते मला नको."

"दाखवू देत. सवय आहे," आत्या म्हणाली. पण ते गेल्यावर तिनं एकच सांधा तीनदा जोडला, तीनदा तोडला. टेपनं ते बघितलं. आत्याचा जोडलेला सांधा तुटताना तिनं तोवर पाहिलाच नव्हता.

आत्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मका पिंजऱ्याबाहेर. चार वाजता. बादलीवर किल्ली, ढण ढण. फरक एवढाच, की टेपनं वाटेत अवाक्षर काढायचं नाही. टेपला दोन किलोमीटर गप्प चालणं माहीतच नव्हतं. तिला तिच्याच बुटांचा आवाज ऐकू येऊ लागला आणि तो फार कंटाळवाणा निघाला.

दहाव्या दिवशी पिल्लं आली. अकराव्या दिवशी सगळी तेरा, दारापर्यंत. आणि फाटका कान, तीस पावलांवर.

"ती आता जन्मात आत जाणार नाही," टेप म्हणाली. "माझ्यामुळे. तिनं माझं तोंड बघितलंय. पैज लाव."

ही पैज हरायची इच्छा असलेल्या माणसानं लावलेली होती. ते आत्याला कळलं असावं.

"लावली. काय?"

"ती गेली नाही, तर भर सभेत मी तुझी नक्कल करणार. उभी राहून. हुंकारासकट."

"आणि गेली तर?"

"तू सांग."

आत्यानं मुखवटा वर केला. "सभेत अहवाल द्यावा लागतो. कागद वाचायचा. तो तू वाचायचा. तुझ्या आवाजात."

"माझ्या म्हणजे?"

"तेच. मलाही ऐकायचाय."

शुक्रवारी, सभेच्या आदल्या दिवशी, उजाडताना फोन वाजला. बुधवारपासून आत्या मका पहाटेही टाकत होती, पाचला, तीच बादली, तोच आवाज. आत्या आणि टेप वर्कशॉपात, शटर अर्धं वर, खिळ्यांच्या डब्याला टेकवलेल्या फोनसमोर. आत्यानं थेट चित्र लावलं; बॅटरी खाई म्हणून ते दार पाडायच्या वेळेसाठीच राखलेलं होतं. तेरा आत. मोठी बाहेर. पंधरा पावलं. दहा.

टेपचं बोट बटणाच्या दिशेनं आपोआप जाऊ लागलं. तिनं ते स्वतःच्या मांडीखाली घातलं आणि त्यावर बसली.

आत्यानं बटणाला हातही लावला नव्हता. पक्कड पुसत होती, जी आधीच पुसलेली होती.

डुकरीण पुढे आली. टेपला वाटलं होतं, आत गेलीच तर काहीतरी मोठं घडून जाईल. पिल्लू ओरडेल, आईचं काळीज धावेल, असं काहीतरी. तसं काही झालं नाही. झालं ते इतकंच, की आतला मका संपत आला. तेरा जण हावऱ्यासारखे खात होते आणि फाटक्या कानवालीच्या वाट्याला उरण्याचं चिन्ह दिसेना. ती दोन पावलं पुढे आली. एक मागे. मग एका जाड्या पिल्लाला ढुशी मारून जागा करून घ्यायला म्हणून जी आत शिरली, ती शेपटीसकट आत गेली. इतका सावधपणा, इतकी अक्कल, आणि घास दुसरा खातोय म्हटल्यावर सगळं गुंडाळून ठेवलं. टेपला तिच्याबद्दल पहिल्यांदाच आपुलकी वाटली.

"मोज," आत्या म्हणाली.

"चौदा."

"परत मोज."

"चौदा. आत्या, चौदा."

आत्यानं बटण दाबलं. पडद्यावर दार पडलं, आवाज नंतर आला. कळप जाळीवर आदळला. जाळी हलली आणि राहिली. परत आदळला. परत राहिली. आत्या सांध्यांकडे बघत होती, डुकरांकडे नाही, आणि तिचे ओठ हलत होते. आठ तुकडे, बत्तीस सांधे, एकेक ती मोजत होती.

जनावरांचे डॉक्टर सात वाजता आले. आत्या पिंजऱ्याशी जाऊन उभी राहिली. "दार मी पाडलं," ती म्हणाली, "तर उभंही मीच राहायचं." टेपला तिनं रस्त्यावर थांबवलं. तिथं दातांच्या डॉक्टरीणबाईही आलेल्या, पाठ करून उभ्या. दहा मिनिटांचं काम होतं, दहाच मिनिटं लागली, आणि टेपला ते आवाज नकलेसाठी नको होते. पहिल्यांदाच तिनं कानांवर हात ठेवले. आत्या परत आली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला पाण्याची बाटली दिली. आत्यानं ती संपवली आणि म्हणाली, "तुम्ही आलात, बरं केलंत." त्या दिवशी तिनं काम केलं नाही. टेबलाशी बसून राहिली, मुखवटा घालून, ठिणगी न पाडता.

शनिवारी हॉल भरला. कागद आत्यानं लिहिलेला, अर्ध्या पानाचा, सगळी वाक्यं शेपूट तोडलेली. अध्यक्ष म्हणाले, "मुद्द्यावर या," आणि आत्यानं टेपकडे पाहिलं.

टेप उभी राहिली. ह्या खोलीतल्या प्रत्येक माणसाचा आवाज तिच्याकडे होता. पहिला शब्द ओठांवर आला तो कर्नलच्या मिशीतून, गिळला. दुसरा डॉक्टरीणबाईंचा, तोही गिळला. अध्यक्षांचा खोकला आला, तो मात्र खरा खोकला म्हणून खपला. मग खाली काहीच उरलं नाही. जे उरलं त्याच्यानं ती वाचू लागली. आवाज बारीक होता. मधेच किरकिरत होता. नवं गेट पहिल्यांदा उघडताना करतं तसा.

"कळप... चौदा. पकडले... चौदा. बाहेर..."

"ऐकू येत नाही, बरं का," मागच्या रांगेतून कर्नल म्हणाले, आणि त्यात टोमणा नव्हता. "जरा मोठ्यानं वाच, बाळ."

टेपनं आत्याकडे पाहिलं. आत्यानं एक बोट वर केलं, म्हणजे परत पहिल्यापासून. टेपनं कागद वर धरला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.